खिडकीकडची जागा

सातारा-मेढा एसटीत दर शनिवारी एक निवृत्त फौजी भेटायचे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, मग आत येऊन त्या रुमालाशेजारी बसायचे. खिडकीकडची जागा रुमालाचीच. एका इंग्रजी मालिकेतल्या परग्रहावरच्या लोकांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेचे धडे त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं झेरॉक्स करून पाठवले होते. ते पेन्सिलीनं गिरवत. म्हातारपणी हा काय उद्योग, असं मला वाटायचं.

"लय सोपी हाय," ते एकदा म्हणाले. "ह्यात भूतकाळच न्हाई. कवा झालं ते कुनी विचारत न्हाई. काम पुरं झालं आसंल तर शब्दाला शेपूट लावायचं, बास."

त्यांच्या एका वाक्याखाली मराठीत अर्थ होता: मंडळी खिडकीशी बसते.

"याला शेपूट नाही?"

"मंडळी जाऊन तीन वर्सं झाली. पर हात होत न्हाई."

तेवढ्यात तान्हं मूल घेऊन एक बाई गर्दीत उभी राहिली. त्यांनी रुमाल उचलला. "बस पोरी. काच सरकव, वारं लय ग्वाड येतं हितं."

मेढ्यापर्यंत कागद मांडीवर होता, पेन्सिल हातात होती. शेपूट मात्र त्यांनी लावलं नाही.