विनायकाच्या घरचे कांडण

विनायक गेल्याचे मला ठाण्याला शाळेत कळले. सकाळच्या गाडीने कल्याणहून आलेले एक ओळखीचे वकील वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे स्नेही देवीवाले विनायकराव गेले हो. खडवलीकडे मुलांना देवी टोचायला गेले होते, तिकडून ताप घेऊन आले आणि आटोपले. फार सात्त्विक माणूस!" मी खडू खाली ठेवला. लहानपणापासूनचा मित्र गेला होता, रडायला यायला हवे होते. पण त्या 'सात्त्विक' शब्दाने माझे डोके असे फिरले की रडणे राहूनच गेले.

पुढे काही दिवसांनी कल्याणच्या रामाच्या देवळात त्याच्यासाठी सभा भरली. गावातली पागोटी झाडून हजर होती. कोणी त्याच्या सरकारी चाकरीची वाखाणणी केली, कोणी मातृभक्तीची. शेवटी आबासाहेब उठले. गावात कोणाला पंक्तीला बसवायचे आणि कोणाला उठवायचे हे ठरवणारे हेच. म्हणाले, "मध्यंतरी त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरले होते, पण वेळीच सावरले." मला राहवेना. मी उभा राहून म्हणालो, "खूळ नव्हे. विनायक नाचत असे. शिकून, मेहनतीने नाचत असे." आबासाहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, मेलेल्या माणसाची अब्रू काढू नका." दोघांनी सदरा ओढून मला खाली बसवले. म्हणून हे लिहितो आहे. कागदाला कोणी सदरा ओढून खाली बसवू शकत नाही.

विनायक देवी टोचायच्या नस्तराची पेटी घेऊन गावोगाव पायी हिंडायचा. खाडीकाठच्या आगरी वस्त्यांत तो शिरला की आया पोरे काखोटीला मारून मिठागरांकडे पळत सुटत. सरकारचा माणूस पोराच्या दंडात विष घालतो, अशी समजूत. अशाच एका गावी संध्याकाळी हळदीचा नाच चालला होता. हा ओटीवर बसून बघत होता. बघता बघता उठला, धोतराचा काचा मारला आणि त्यांच्यात शिरला. काय नाचला असेल ते देव जाणे! पण सकाळी एक म्हातारी आपण होऊन नातवंडांना घेऊन आली आणि लोकांना सांगू लागली, "आमचेन नाचला तो मानूस पोरांचा घात करनार नाय." हे त्याने मला सांगितले तेव्हा मला वाटले, टोचायची नवी युक्ती सापडली म्हणून स्वारी खुशीत आहे. तर म्हणाला, "युक्ती कसली रे? मला नाचायचंय. नीट शिकायचंय."

तेव्हा त्याची तिशी उलटून गेली होती. कल्याणात तळ्यामागच्या आळीत तुळसाबाई नावाची नायकीण राहायची. तिने मैफली सोडून दिल्या होत्या. हा तिच्याकडे गेला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "हाडं वाळल्यावर वाकायला आलात होय! मोडलं काही, तर मी जबाबदार नाही." तरी तिने शिकवले. हा भर उन्हात, पुढच्या दाराने तिच्याकडे जायचा. मी म्हणालो, "अरे, निदान उपरणं तरी तोंडावर घे." म्हणाला, "चोरी करायला जातो का मी?" वर्षे गेली. फिरतीवरून पाय सुजून आले तरी त्याने तालीम चुकवली नाही. एकदा तुळसाबाईच्या ओटीवर मी त्याला नाचताना पाहिले. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. पण शाळेत बाकावर अवघडून बसणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा आमचा विन्या तिथे नव्हता. जो होता त्याला कशाचीच लाज वाटत नव्हती… आणि मला त्याचा हेवा वाटला.

त्याची इच्छा एकच होती. रामनवमीच्या उत्सवात, देवळात, आपल्या गावासमोर एकदा नाचायचे. आता गंमत पाहा. त्याच उत्सवात तुळसाबाईच्या भाचीला सुपारी देऊन नाचायला बोलावत. लोडाला टेकून, विडा चघळत सगळ्यांत मोठ्याने वाहवा करणारे कोण, तर आबासाहेब! ती बिदागी घेऊन रामापुढे नाचली तर राम प्रसन्न, आणि विनायक फुकट नाचला तर राम विटाळतो! त्याने विचारले मात्र, त्याच्यावर ग्रामण्य झाले. घर वाळीत पडले. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना पाहून बायका पदर सावरून बाजूला होऊ लागल्या.

अशात त्याची आई वारली. तिरडी बांधून झाली, पण खांदा द्यायला कोणी येईना. ठाण्याहून आलेला मी आणि तो, असे दोघेच. ऊन चढत चालले. आबासाहेब मंडळींना घेऊन आले, ते अंगणाच्या कडेला उभे राहिले. "पायात पुन्हा घुंगरू बांधणार नाही, एवढं म्हणा विनायकराव. लगेच खांदा देतो." विनायकाने एकदा आईकडे पाहिले… आणि म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने घुंगरू तुळसाबाईकडे परत पाठवले.

"मोड तो शब्द!" मी त्याच्यावर ओरडलो होतो. "गळ्यावर सुरी ठेवून घेतलाय त्यांनी." तो म्हणाला, "सुरी होती खरी. पण शब्द आईच्या देहासमोर दिलाय." यावरून आम्ही कडाडून भांडलो. त्याचे हे मला कधीच पटले नाही. आजही पटत नाही.

तो नाचायचा थांबला असे सगळ्यांप्रमाणे मीही धरून चाललो होतो. मग एकदा त्याच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी माजघरातून कांडणाचा आवाज येत होता. पाणी मागायला आत गेलो तर वहिनी उखळात मुसळ घालत होत्या आणि त्यांचे डोळे मागच्या खोलीकडे लागले होते. तिथे विनायक अनवाणी नाचत होता. घुंगरू नव्हते. वहिनी हळूच म्हणाल्या, "पायांचा आवाज शेजारी जातो, भावोजी. कांडणात मिसळून जातो." आधी नुसता आवाज झाकायला म्हणून त्या कांडत. पण मुसळ भलतीकडे पडले की त्याचा पाय चुके. मग त्याने त्यांना ताल शिकवला. तांदूळ केव्हाच कांडून झालेले असत, पुढे नुसताच कोंडा कुटणे चाले. शेजारच्या काकू मला विचारत, "दोन माणसांच्या घरात एवढं खातं कोण हो?"

मी विनायकाला म्हणालो, "असा भिंतीआड नाचतोस, बघतो कोण?" म्हणाला, "रामाला भिंत आड येत नाही." तो हसला, पण मला हसू आले नाही. रामाला दिसत असेल, मला ते आबासाहेबांना दाखवायचे होते.

सभा संपल्यावर मी तडक त्याच्या घरी गेलो. वहिनी त्याच मागच्या खोलीत अंधारात बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. खांदा द्यायला रेंगाळणाऱ्यांनी न्हावी मात्र वेळेवर पाठवला होता. मी म्हणालो, "वहिनी, हे सगळं छापायला देऊ का? कांडणाचंही?" त्या म्हणाल्या, "द्या, भावोजी. आता आणखी कशातून वाळीत टाकणार मला? फक्त त्यांनी सोडलं होतं, असं कुणाला म्हणू देऊ नका."

मी निघालो. पायऱ्या उतरतो तोच मागून मुसळाचा आवाज सुरू झाला. शेजारच्या काकू आपल्या ओटीवर डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बघा ना मास्तर. नवरा गेला, आता खाणारी ही एकटी, तेही एकवेळ. एवढं कांडते तरी काय?"

"दाणा नाहीये उखळात, काकू," मी म्हणालो. "जरा ऐका नीट."

त्यांचा हात सुपात थांबला. मुसळ पडत होते, मध्येच थांबत होते, विनायक गिरकी घ्यायचा तेवढा वेळ, आणि मग पुन्हा समेवर पडत होते.