एका सुटकेसची वाटणी

"उलटी, जुलाब, ताप, असं काही होतंय?" टर्मिनलमधल्या नर्सने विचारलं.

"जुलाब होऊन राहिले ना," गावंडे काका म्हणाले. "सकाळपासून लागले."

मी त्यांच्या मागेच उभी होते. नर्सने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काकांना रांगेतून बाजूला घेतलं. काकू आपोआप त्यांच्या मागे गेल्या. आमच्या ग्रुपमधल्या देशमुख वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काहून सांगतलं त्याईनं? नाही म्हणून टाकाचं होतं."

काकांना ते ऐकू गेलं. ते मागे वळून म्हणाले, "पुसलं तं सांगतलं."

मी अमरावतीच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. त्या वेळी माझ्याबरोबर अमरावती आणि अकोल्याकडची तीसेक माणसं होती. मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जायचं आणि परत यायचं. जहाजावर चढण्याच्या दिवसाला आमच्या कामात एम्बार्केशन डे म्हणतात. विमानतळावर असतं तसंच सगळं असतं, फक्त माणसं जास्त आणि सामानात पापड-लोणची जास्त. आधी दारातच मोठ्या बॅगा द्यायच्या. त्यांना केबिन नंबरचा टॅग लागतो, हमाल त्या घेऊन जातात आणि संध्याकाळपर्यंत त्या आपापल्या केबिनच्या दारात पोचतात. मग ओळखपत्र, फोटो, सिक्युरिटी आणि तब्येतीचे प्रश्न. हे झालं की हातात एक कार्ड मिळतं. खोलीची किल्लीही तेच आणि जहाजावर चढ-उतार करण्याचा पासही तेच.

तब्येतीच्या प्रश्नांत जुलाब-उलटीला फार महत्त्व आहे. जहाजावर हजारो माणसं एकाच ठिकाणी जेवतात, एकाच कठड्याला हात लावतात. पोटाचा संसर्ग एकाला झाला की मजलेच्या मजले आजारी पडतात. म्हणून ज्याला त्रास आहे त्याला चढू द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. त्यात टूर मॅनेजरचं काही चालत नाही. अमरावतीच्या मीटिंगमध्ये मीच सगळ्यांना बजावलं होतं की खरं सांगा. लोक माना डोलावतात आणि वेळ आली की खोटं बोलतात. गावंडे काका बोलले नाहीत.

काका अकोटकडचे. कापूस आणि हरभऱ्याची शेती. शेती आता भाऊ पाहतो, मुलगा हैदराबादला नोकरीत. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ही टूर त्यानेच बुक केली होती. काकांनी तेव्हापासून मोबाईलवर जहाजांचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांचे होते. जहाज वळतं कसं, पिण्याचं पाणी कुठून येतं, वारा सुटला तर काय करतात. काकूंनी एकच प्रश्न विचारला होता. "तिथं सकाळचा चहा कवा भेटते?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांना तपासलं, ताप पाहिला, काय खाल्लं ते विचारलं. गाडीत देशमुख वहिनींनी घरून आणलेलं वांग्याचं भरीत सगळ्यांनीच खाल्लं होतं. काकांनी दोनदा घेतलं होतं.

"आम्ही पण तेच खाल्लं," वहिनी लांबून म्हणाल्या. "आम्हाले काही झालं नाही."

डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, यांना मी सोडू शकत नाही. सीरियस काही नाही, पण जहाजावर नाही."

"आणि काकू?"

त्यांनी काकूंनाही तपासलं, प्रश्न विचारले. काकूंना काही त्रास नव्हता. "त्या जाऊ शकतात. काही वाटलं तर लगेच कळवायचं आणि केबिनमध्येच थांबायचं."

माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. एकाला नाही म्हटलं की दोघंही परत. आमच्याकडे जोडपं म्हणजे एकच बुकिंग, एकच केबिन, एकच फोन नंबर. आता दोघांना मुंबईत कुणाच्या तरी हवाली करायचं, चेक-इन बंद व्हायच्या आत मी जहाजावर चढायचं आणि बाकीच्यांना सांभाळायचं. मी काकांना विचारलं, "मुंबईत तुमचं कोणी आहे का?"

"पुतन्या आहे. दामू. डोंबिवलीले राह्यते."

दामूला फोन लावला. तो निघतो म्हणाला. डोंबिवलीहून बंदरावर यायला वेळ लागतो, तोही आमच्यापुढचा प्रश्नच होता. पण त्याहून मोठा प्रश्न काकूंनी सांगितला.

"याईच्या बीपीच्या गोळ्या सुटकेसमध्ये आहेत."

गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, हेही मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. पण आता ते बोलून उपयोग नव्हता. सुटकेस दारात देऊन झाली होती. काकांना दुसरा पायजमाही हवा होता, हे काकूंनी मला हळूच सांगितलं.

"दोघांच्या सुटकेसचे टॅग सांगा, मी बघते," मी म्हटलं.

"एकच आहे," काकू म्हणाल्या. "आमचं सगळं एकातच असते."

मी सिक्युरिटीच्या सुपरवायझरकडे गेले. ते म्हणाले, बॅगा जहाजात चढायला लागल्यात, आता शोधणं अवघड आहे. मी म्हटलं, पेशंटची औषधं आहेत. त्यांनी वॉकीटॉकीवर कुणाला तरी टॅगचा नंबर आणि रंग सांगितला आणि मला म्हणाले, "बसा. मिळाली तर मिळाली."

ही वाट पाहण्याची वेळ फोनची होती. पहिला फोन अमरावतीहून सरांचा, म्हणजे आमच्या मालकांचा.

"वैशाली मॅडम, काय झालं तिथं?"

मी सांगितलं.

"मग दोघांनाही परत पाठवून द्या. पैशाचं मी मुलाशी बोलतो. त्या बाईंना एकटं नेऊ नका. समुद्रात काही झालं तर सगळं गाव माझ्या ऑफिसात येऊन बसेल."

"त्या जातील असं मला वाटतही नाही, सर."

दुसरा फोन हैदराबादहून मुलाचा. तो आधी घाबरला, मग डॉक्टरांशी बोलल्यावर शांत झाला. "आई बाबांसोबतच राहील ना," तो म्हणाला. "त्यांना तिच्याशिवाय जमत नाही. तुम्ही फक्त दामूदादाच्या ताब्यात द्या दोघांना."

काका खुर्चीत बसून मीठ-साखरेचं पाणी पीत होते. ते काकूंना म्हणाले, "तू जा. माह्यासाठी काहून थांबते?"

हे वाक्य आपल्याकडे कसं म्हणतात, ते सगळ्यांना माहीत आहे. जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्याला "बसा जेवायला" म्हणावं, तसं. पाहुण्याने नाही म्हणायचं असतं. काकू काहीच बोलल्या नाहीत. देशमुख वहिनी म्हणाल्या, "थे कशी जाईन एकटी? नवरा इथं दुखण्यात." मीही मान डोलावली.

सुटकेस मिळाली. एक हमाल ती ढकलत घेऊन आला. टर्मिनलच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, काकूंनी ती जमिनीवर आडवी केली आणि उघडली. आमचे बाकीचे लोक तोवर कार्डं घेऊन पुढे गेले होते. मी, काका आणि काकू एवढेच उरलो.

ती सुटकेस पाहण्यासारखी होती. काकांचे शर्ट चुरगळू नयेत म्हणून साड्यांच्या घड्यांत ठेवलेले. एका बाजूला चिवड्याचा डबा. टॉवेल दोन, पण साबण एक, कंगवा एक, पेस्ट एक. काकूंनी हातातली कापडी पिशवी रिकामी केली आणि त्यात काकांचं एकेक भरायला लागल्या. गोळ्या, पायजमे, शर्ट, टॉवेल. साबणही दिला. माझी समजूत अशी की काकांना वाटेत लागेल ते पिशवीत हाताशी ठेवून सुटकेस त्या डोंबिवलीला बरोबर नेणार.

मग हातात पेस्ट आली. त्यांनी ती क्षणभर हातात धरली आणि परत सुटकेसमध्ये ठेवली.

"पेस्ट?" काका म्हणाले.

"दामूकडे असनच," काकू म्हणाल्या आणि सुटकेसची चेन लावायला लागल्या.

काकांना कळलं की नाही ते मला माहीत नाही. मला कळलं. मी काकूंच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही ठरवलंय का?"

"मघापासून सगळे ठरवूनच राहिले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोरानं ठरवलं, तुमच्या सायबानं ठरवलं, वहिनीनं ठरवलं. मले कोनी पुसलं नाही."

ते खरं होतं. मीही विचारलं नव्हतं. म्हणून विचारलं.

"काकू, तुम्हाला जायचंय?"

"हो."

"काकांना सोडून?"

"त्याईले ताक-भात लागते. दामूची बायको चांगला करते. डाक्टर म्हनते काही नाही झालं. मंग माहं तिथं काय काम?"

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माणूस पायरी आहे असं समजून पाय टाकतो आणि तिथे पायरी नसते, तेव्हा जसा दिसतो तसे ते दिसत होते. त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, "तुले एकटीले भेव नाही लागनार?"

"लागन तं लागन."

मी सरांना फोन केला. ते चिडले. मी म्हटलं, "डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, बाई स्वतःच्या पायांवर उभी आहे आणि तिचं तिकीट आहे. मी कोणत्या कारणाने अडवू?" "मुलाला तुम्ही सांगा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मुलाला मी सांगणार होते, पण काकूंनी फोन मागून घेतला. "मी जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "बाबाले संध्याकाळी फोन कर." पलीकडून बरंच काही आलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला.

आता दामूची वाट पाहायची होती. चेक-इनचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला की मॅडम, तुम्ही दोघीच राहिल्यात. आजारी माणसाला एकटं सोडून जाणं शक्य नव्हतं. जहाज चुकवणंही शक्य नव्हतं, कारण वर तीसेक माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना आपली केबिन कुठल्या मजल्यावर आहे हे माहीत नव्हतं. दामू दर थोड्या वेळाने फोनवर "पोचतोच" म्हणत होता.

त्या वेळात काकांनी काकूंना जहाज समजावून सांगितलं. मी ऐकत होते. "सुटाच्या आधी सायरन वाजन. घाबरजो नको. बुडून नाही राहत जहाज. थे नुसतं शिकवतात, बोटीजवळ कुठं उभं राहाचं तं. तुह्या कार्डावर एक अक्षर लिहेल असन, त्याच अक्षराच्या जागी जाजो." जहाजवाल्यांच्या भाषेत याला मस्टर ड्रिल म्हणतात. मीही मीटिंगमध्ये सांगितलं होतं, पण इतकं सोपं नव्हतं सांगितलं. "आन रात्री डेकवर वारा असते. स्वेटर घालून जाजो. डोलाले लागलं तं दूर पाहजो, खाली नाही."

"बरं," काकू प्रत्येक गोष्टीला म्हणत होत्या.

"आन फोटो काढजो."

"मले कुठं काढता येते?"

"मी काढीन," मी म्हटलं.

दामू घामाघूम होऊन आला. त्याला दोन माणसं न्यायची होती, एकच मिळालं. त्याने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. शहाणा माणूस. त्याने पिशवी उचलली. काका उठले, म्हणाले, "जा मंग," आणि दाराकडे चालायला लागले. ते टॅक्सीत बसेपर्यंत काकू काचेतून पाहत राहिल्या. मग आम्ही दोघी जवळजवळ पळतच गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जाणाऱ्या पुलावरून, आत गेलो. आमच्या मागे दार बंद झालं.

मस्टर ड्रिलला सायरन वाजला तेव्हा आमचे लोक जिकडे तिकडे पळत होते. देशमुख वहिनी चुकीच्या मजल्यावर सापडल्या. काकू आपल्या कार्डावरच्या अक्षराखाली शांत उभ्या होत्या. किनाऱ्याची रेंज सुटायच्या आत त्यांनी दामूला फोन लावला. काकांनी ताक-भात खाल्ला होता आणि झोपले होते.

पहिल्या संध्याकाळी ग्रुपमधल्या बायका काकूंपासून जरा अंतर राखून बसल्या. "मी असती तं नसती गेली," असं एक-दोघींचं म्हणणं माझ्यापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि बहुतेक जणी केबिनमध्ये आडव्या झाल्या. काकू डेकवर खुर्ची टाकून दूर पाहत बसल्या. त्यांना काही झालं नाही. त्यानंतर ज्या त्या येऊन त्यांच्याच टेबलावर बसायला लागल्या. मी फोटो काढले. काकू एकाही फोटोत हसल्या नाहीत, पण प्रत्येक फोटो काढून घ्यायला वेळेवर आल्या.

परतीच्या दिवशी काका दामूबरोबर टर्मिनलच्या बाहेर उभे होते. तब्येत ठीक होती. "कसं होतं?" त्यांनी विचारलं. "चांगलं होतं," काकू म्हणाल्या. "पानी लय आहे." गाडीत त्या अकोल्यापर्यंत बोलत होत्या, काका ऐकत होते. मुलाने माझी तक्रार केली नाही. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या सीझनला काकांचा ऑफिसात फोन आला. क्रूझची तारीख विचारत होते.

"दोघांचं बुकिंग करू ना, काका?"

"नाही, एकाचंच," ते म्हणाले. "थे म्हनते, माहं पाहून झालं, आता तुमी जाऊन या."

ते गेले. त्या वेळी टूर मॅनेजर दुसरी होती. काकांनी जहाजातल्या लोकांना फार प्रश्न विचारले, एवढंच तिने मला सांगितलं.

तेव्हापासून मीटिंगमध्ये मी एक गोष्ट वाढवली आहे. नवरा-बायको असले तरी प्रत्येकाची बॅग वेगळी आणि बॅगेत प्रत्येकाची पेस्ट वेगळी. कोणी ना कोणी विचारतंच, काहून? मी सांगते, जहाजाचा नियम आहे. असा कुठलाही नियम नाही.