एस्बेन गप्प झाला ती दुपार

एस्बेन क्रोग आमचा कोच. डेन्मार्कमधल्या लेमविग गावच्या क्रीडागृहाच्या तळघरात घरचे संगणक उचलून आणून ज्या दोन मित्रांनी आमचा संगणकी खेळांचा क्लब काढला, त्यांतला एक तो. दुसरा हॉल्गर. क्लबचं नाव, फ्योर्डुल्वे, म्हणजे खाडीचे लांडगे, हॉल्गरनं ठेवलं. एस्बेनला ते कधीच आवडलं नाही, पण जर्सीवरचा लांडगा त्यानंच काढला.

पहिला संघ गावातल्या पोरांचा. तो शेजारच्या गावाकडूनही हरायचा. दुसरा इतका चांगला निघाला की कोपनहेगनच्या क्लबांनी एकेक करून सगळे पळवले. तिसरा संघ म्हणजे आम्ही पाच जण. तोवर हॉल्गर पूर्णवेळ मालक झाला होता. एस्बेन मात्र पहाटे मासळीच्या लिलावावर राबायचा आणि दुपारी आम्हाला शिकवायचा. आमची नेमबाज सिल्ये त्याला दारातच विचारायची, "आज कॉडचा वास का रे, म्हाताऱ्या?"

"हॅडॉक. नाक सुधार, नेम आपोआप सुधारेल."

मोठ्या युरोपियन लीगमध्ये शिरायला एकच सामना उरला होता, ब्रेमेनच्या संघाशी. ते तिकडे जर्मनीत, आम्ही आमच्या खोलीत. जिंकलो तर एक कंपनी क्लबला पाठबळ देणार होती. हॉल्गरनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नुसती कॉफी चालली होती.

आमचा खेळ साधा आहे. पाच जण चढाई करतात, पाच जण दोन जागा राखतात. चढाई डावीकडून येणार की उजवीकडून, हे राखणाऱ्यांना दिसत नाही, अंदाज बांधावा लागतो. कोचला आपल्याच खेळाडूंच्या डोळ्यांनी दिसतं, त्याहून जास्त काही नाही. पण आमच्या एस्बेनचा अंदाज भारी होता. कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज असला की आम्ही निवांत असायचो.

आम्ही पुढे होतो. आणखी दोन फेऱ्या जिंकल्या की झालं. आणि एस्बेन बोलायचा थांबला.

"एस्बेन, डावी की उजवी?" मी विचारलं. उत्तर नाही. चढाई उजवीकडून आली, आम्ही डावीकडे होतो. फेरी गेली.

"अरे झोपलास का?" सिल्ये ओरडली. "तोंड उघड ना!"

शेवटी त्याचा आवाज आला. "ऐकू येतंय मला. तुमचं तुम्ही खेळा."

मला वाटलं, आम्हाला कंटाळला. वळून बघायला उसंत नव्हती. त्याचं टेबल आमच्या पाठीमागे होतं.

तिथे काय चाललं होतं ते हॉल्गरनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. खेळात काहीतरी बिघाड झाला होता आणि एस्बेनच्या पडद्यावरचं दृश्य उंचावर एका जागी अडकलं होतं, बरोबर त्या चौकावर, जिथे ब्रेमेनवाले प्रत्येक चढाईआधी जमत होते. कोण कुठल्या वाटेनं निघालाय ते त्याला आरशासारखं लख्ख दिसत होतं. त्यानं ताबडतोब पंचांना लिहिलं. पंच एकाच वेळी तीन सामने बघत होते, उत्तर येईना.

हॉल्गर त्याच्या खांद्यामागे उभा होता. त्यालाही दिसलं.

"डावीकडे म्हण," तो पुटपुटला. "एकच शब्द. आपण थोडंच काही केलंय, आपोआप दिसतंय."

एस्बेननं माइक हातानं झाकला. "बाहेर जा, हॉल्गर."

"तुला कळतंय का काय घालवतोयस?"

एस्बेन खाली वाकला आणि त्यानं आपल्या संगणकाची वायर भिंतीतून उपटली. एकदा बाहेर पडलेल्या कोचला सामना संपेपर्यंत आत घेत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या कानात नुसतं खट्ट झालं. मग आम्ही एकटे.

बरोबरी झाली, जादा फेऱ्या लागल्या. शेवटच्या फेरीत आमचे चौघे पडले. उरलो मी, आणि त्यांचा एक जण. मी भिंतीआड दबून बसलो. उजवीकडून येईल असं मनानं घेतलं.

तो डावीकडून आला.

हेडफोन काढून आम्ही मागे वळलो. एस्बेननं उभं राहून सगळं सांगितलं. सिल्ये पांढरीफटक पडली. "मला सांगायचं होतंस. मी ठरवलं असतं काय करायचं ते."

"सांगितल्यावर ठरवायला काय उरलं असतं? तू त्या बाजूला वळलीच असतीस."

ती जर्सी काढून खुर्चीवर टाकून निघून गेली. पंचांचं उत्तर आलं: बिघाड नोंदवला, निकाल कायम.

कंपनीनं हात काढून घेतला. सिल्ये स्वीडनच्या एका क्लबात गेली, मी ऑर्हूसला शिकायला. हॉल्गर आणि एस्बेन हिवाळाभर एकमेकांशी बोलले नाहीत, आणि लेमविगसारख्या गावात न बोलणं म्हणजे रोज बेकरीत तोंड चुकवणं.

वसंतात क्लबनं बंदरावर स्वस्तातली जागा घेतली. सामान हलवायला मी गेलो होतो. हॉल्गर एकटाच एका जड टेबलाशी झटत होता. एस्बेन लिलावावरून तसाच, कामाचे बूट घालून आला आणि टेबलाचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

"एकदाच विचारतो," हॉल्गर म्हणाला. "डावीकडे म्हणाला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"तुला कळलं असतं की."

हॉल्गरनं वाकून आपलं टोक धरलं. मग म्हणाला, "उचल. आणि पाय सांभाळ."

पूर्वीसारखे मित्र ते पुन्हा झाले नाहीत. पण चौथा संघ दोघांनी मिळूनच उभा केला. सध्या तो दुसऱ्या श्रेणीत खेळतो, मधल्या क्रमांकावर. गेल्या सुट्टीत मी डोकावलो तर एस्बेन एका नव्या मुलीवर खेकसत होता, "अगं, मागे बघ, मागे!"