चोवीस जणांचा पहारा आणि चोवीस आकडी संख्या

परवा आमच्या गावच्या सप्ताहाची बैठक होती, मंदिराच्या ओट्यावर. तिथं जे ऐकलं, त्यातून मी अजून सावरलो नाही...

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, ही आमची रीत. चोवीस विणेकरी, प्रत्येकाचा एक तास. पहिला पहाटे चारला उभा राहतो, म्हणून काकडा त्याच्या वाट्याला येतो. तो तास सगळ्यांनाच हवा असतो. गेल्या वर्षी त्यावरून चांगलंच वाजलं.

तेव्हा किसनभाऊंनी तोडगा काढला. रोज नवा क्रम लावायचा. आधी शेवटच्या दोघांची अदलाबदल, मग शेवटच्या तिघांचे सगळे क्रम, मग चौघांचे, असं खालून वर यायचं. सगळे क्रम झाल्याशिवाय जुना क्रम परत लावायचा नाही. विणेवर हात ठेवून आम्ही सगळ्यांनी शब्द दिला... फार न्यायाचं वाटलं होतं.

पहिल्या नंबरवर किसनभाऊ, दुसऱ्यावर आमचे वामनआबा. आबांची ऐंशी जवळ आली. आयुष्यात एकदा काकड्याला वीणा घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा. गुडघे आता साथ देत नाहीत.

परवा त्यांनी विचारलंच. "किसन, मले काकडा कवा भेटन?"

"माह्या मांगं तुमचाच नंबर हाय ना आबा. जरा दम धरा."

"दम धरून धरून आता दम लागून राह्यला रे."

माझी मुलगी वाशिमच्या कॉलेजात गणित शिकते. ती मला जेवायला बोलवायला आली होती. ऐकून तिथंच थांबली आणि म्हणाली, "आबा, मोजून पाहू का?"

आधी तिनं तीन माणसं धरली. तिघांचे क्रम सहा. पहिला माणूस दोन दिवस पहिलाच राहतो, मग दुसऱ्याची पाळी येते. सोपं होतं, आम्ही माना डोलावल्या.

मग चोवीस जणांचे क्रम काढले... मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडे मावेनात, मध्येच एक इंग्रजी अक्षर आलं. मला वाटलं फोन बिघडला. तिनं दुसरीकडून पूर्ण संख्या काढून दाखवली.

६२०४४८४०१७३३२३९४३९३६००००

माणसं चोवीस, आकडेही चोवीस. ही संख्या एकपासून चोवीसपर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. चोवीसनं भागलं तरी शून्य... म्हणजे काकडा प्रत्येकाला अगदी सारखा येतो, कुणाला एक दिवसही जास्त नाही. माझ्या अंगावर काटा आला. इतका चोख न्याय मी कधी पाहिला नव्हता.

"पण बाबा," ती हळूच म्हणाली, "किसनकाकांचा अख्खा वाटा संपल्यावर आबांचा सुरू होतो." तो एकट्याचा वाटाच तेवीस आकडी दिवसांचा. बारा महिने रोज सप्ताह ठेवला, तरी तोवर ब्रह्मदेवाची शंभर-शंभर वर्षांची आयुष्यं लाखांनी सरतील.

मागून एक जण म्हणाला, "मंग आबा, तब्येत जपा." कुणी हसलं नाही. आबाच तेवढे हसले, आणि ते पाहवलं नाही.

किसनभाऊंचा चेहरा उतरला होता. "मले वाटलं, दोन-चार वर्सात होऊन जाईन..." त्यांच्या मनात खोट नव्हती, आमच्यापैकी कुणाच्याच नव्हती. पण विणेवर दिलेला शब्द मोडायचा कसा?

शेवटी तेच म्हणाले, "क्रम तोच राहू द्या. माह्या तासाले मी उभा राहीन, पन आबाच्या मांगं, त्याह्यचा हात धराले. वीणा आबाच्या गळ्यात. देवाले काय म्हनाचं ते मले म्हनू द्या."

आबा बाजूच्याला विचारू लागले, "तवा थंडी राहते का रे पहाटं?"

बाकी शून्य येणारा न्याय असतो, हे मला परवा कळलं. पण त्याला सृष्टी पुरत नाही... आपल्या हातात तेवढा वेळ नाही, म्हणून देवानं माणसाला सोडून द्यायची बुद्धी दिली असावी. ती किसनभाऊंना वेळेवर झाली, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.