शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि ती सगळी वर्षं शेजारच्या सीटवर बसून काढली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला तर तो मास्तरांनी दाबायचा. बाबांनी तो इतका दाबला होता की त्याच्या रबरावर त्यांच्या चपलेची नक्षी उमटली होती.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. आईसुद्धा म्हणे, पण ती रागावली असली की.

मास्तरांना मतं फार. रविवारी टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की ते सोफ्याच्या टोकाशी बसून प्रत्येक वळणाला पाय दाबत. तिथल्या सतरंजीला भोक पडलं होतं. "एवढं पेट्रोल जाळलं आणि जिथून निघाले तिथेच परत आले," ते म्हणत. "एकानेही इंडिकेटर दिला नाही." जिंकलेला खेळाडू शॅम्पेनची बाटली हलवून फेस उडवायला लागला की यांना एकच काळजी, हा आता घरी गाडी चालवत जाणार.

सिग्नलला इंजिन बंद केलंच पाहिजे, हे त्यांचं दुसरं मत. ते स्कूलच्या गाडीपुरतं ठेवतील तर ते मास्तर कसले? एकदा त्यांनी टॅक्सीवाल्याच्या किल्लीला हात घातला. त्याने आम्हाला चार पिशव्यांसकट रस्त्यात उतरवलं. "बरं झालं, तेवढाच धूर कमी," बाबा म्हणाले आणि जड पिशव्या माझ्याकडे दिल्या. तिसरं मत सीटबेल्टचं. बाजारातून टॅक्सीने आणलेल्या कलिंगडालासुद्धा ते पट्टा लावायला लावत. कलिंगड घरी सुखरूप पोचलं आणि आईच्या हातून ओट्याजवळ फुटलं, तेव्हा ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

सगळ्यात स्वच्छ गाडी म्हणजे उभी गाडी, असं ते म्हणत आणि हातात ओझं नसलं की सगळीकडे पायी जात. स्कूलची गाडी सराव-मैदानाच्या शेडमध्येच असे. थोडक्यात, गाडी शिकवणारा हा माणूस कित्येक वर्षांत स्टिअरिंगमागे बसलाच नव्हता. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या तर नाहीच नाही.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. "माझा पाय पडला की तुझी फेरी." म्हणजे त्यांना ब्रेक दाबावा लागला की शिकणाऱ्याने खाली उतरून मैदानाला पायी एक फेरी मारायची आणि काय चुकलं त्याचा विचार करायचा. मी त्यांच्याकडे शिकले तेव्हा एकेचाळीस फेऱ्या मारल्या. स्कूलचा तो विक्रम आहे. परवाना मिळाला, पण पुढची नऊ वर्षं तो कपाटात साड्यांखाली पडून होता. एकेचाळीस वेळा ज्याला उतरवलं, त्याने रस्त्यावर जाऊन लोकांचा जीव का घ्यावा?

बाबांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि पत्र आलं. शिकवण्याचा परवाना पुढे चालवायचा तर पुन्हा गाडी चालवून दाखवा. नापास झालात तर एकच संधी आणखी, मग स्कूल बंद.

"मला परीक्षा?" बाबा हसले. आई हसली नाही. "हे दिवसभर घरी बसले तर मला काम कसं करायचं ते शिकवतील," ती मला हळूच म्हणाली.

सराव-मैदानावर परीक्षा घ्यायला आलेल्या बाई बाबांच्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. सतरा फेऱ्यांच्या. बाबांचा जादा चष्मा माझ्याकडे होता, म्हणून मला मागे बसू दिलं. बाबा सवयीने शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "चला, आरसा बघा." बाई मुकाट्याने स्टिअरिंगमागे बसल्या आणि आरसा बघू लागल्या. मी मागून खाकरले. मग दोघं उतरली आणि जागा बदलल्या.

त्यानंतर बाबांनी झकास गाडी चालवली. वळणं घेतली, गाडी मागे घेतली, कुणी नसताना इंडिकेटर दिले. शेवटच्या कोपऱ्यावर एक मांजर आडवं आलं. बाबा शांतपणे म्हणाले, "ब्रेक." आणि वाट बघत बसले.

बाईंचा पाय खाडकन पडला. गाडी थांबली. मांजर तिथेच बसून पंजा चाटू लागलं.

नियम साधा होता. परीक्षकाला ब्रेक दाबावा लागला तर उमेदवार नापास. बाई कागदाकडे बघत राहिल्या. "मास्तर, मला वाटतं तुम्हीच दाबलात," त्या म्हणाल्या.

बाबांनी पट्टा सोडला. "तुमचा पाय पडला, बाई." ते उतरले आणि मैदानाला फेरी मारायला निघाले. आम्ही दोघी गाडीत बसून त्यांची पाठ बघत होतो. मला रडू येत होतं आणि बाईंना हसू, मग उलटं झालं.

पुढची परीक्षा आठ दिवसांनी होती. सरावाला शेजारी परवानावालं कुणीतरी हवं, हा बाबांचाच नियम. घरात माझ्याशिवाय होतं कोण? साड्यांखालून परवाना काढला. आठ दिवस मी त्या ब्रेकपुढे बसले आणि बाबांना दोनदा उतरवलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

परीक्षेत ते पास झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते आदल्या संध्याकाळचं. तेच मांजर, तोच कोपरा. माझा पाय ब्रेकवर उचलला गेला आणि मी तो तसाच अधांतरी धरून ठेवला. गाडी थांबली. बाबांनी थांबवली होती.

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "दाबला नाहीस."

"तुम्ही थांबवाल असं वाटलं."

त्यांनी आधी आठवणीने इंजिन बंद केलं. "मला हे तुझ्या बाबतीत जमलं नाही," ते म्हणाले. "बाकीच्यांची चूक होईपर्यंत मी थांबायचो. तू बसलीस की भीती वाटायची. पाय आधीच पडायचा. तू थांबवली असतीस, मला माहीत होतं."

"मग माझ्या एकेचाळीस फेऱ्या?"

बाबांनी पट्टा सोडला, चपला नीट केल्या आणि उतरून चालायला लागले. मला वाटलं एक मारतील. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांचा वेग कमी झाला, तरी थांबायचं नाव घेईनात. आमच्या घरात नियम म्हणजे नियम.

शेवटी मी सरकून स्टिअरिंगमागे बसले, आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी त्यांच्या मागून हळूहळू नेली. ते वळून बघतील असं वाटलं होतं. बघितलं नाही. शेजारची सीट रिकामी होती आणि माझ्या ब्रेकवर माझाच पाय होता.