सोवळ्यावरचा काळा डाग

ज्या दुपारी माझी श्रद्धा मला अपुरी पडेल असे वाटले, ती दुपार आज वार्धक्यातही माझ्या मनातून जात नाही. माझी धाकटी लेक यमुना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहाटेपासून तिला वेणा येत होत्या. दुपारी सुईण खोलीबाहेर आली नि म्हणाली, "मूल आडवं आहे. आता माझ्या हातचं राहिलं नाही. दिवस मावळायच्या आत वसईच्या इस्पितळात न्या." आमची वाडी अर्नाळ्याच्या वाटेवर. बैलगाडीने वसई गाठेपर्यंत अंधार पडला असता, आणि ते हिसके तिला सोसले नसते.

आधार एकच होता. शेजारच्या बागाइतदारांची मोटार त्याच सकाळी दुरुस्त झाली होती. मिस्त्रीने ती सर्वांदेखत चालवून दाखवली आणि तो निघून गेला. त्यानंतर वाडीचा पुरोहित म्हणून तिची यथासांग पूजा मीच केली व प्रसाद वाटला. बागाइतदारांनी नुसत्या निरोपावर मोटार दिली. खाटेवरून यमुनेला तिथवर नेऊन मागच्या आसनावर निजवले. त्यांचा चालक गोविंद याने हँडल मारले. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली.

त्याने पुन्हा पुन्हा हँडल फिरवले. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. "मिस्त्रीनं एक रोग काढला नि दुसरा लावून ठेवला," असे पुटपुटत मिस्त्रीने हात लावलेला एकेक भाग तो खोलू लागला. पेट्रोलची नळी काढून फुंकली; पेट्रोल नीट येत होते. सारे पुन्हा जोडले. मोटार हूं की चूं करीना. आतून यमुनेचे कण्हणे ऐकू येई, आणि ते थांबले की अधिक भीती वाटे. माझी पत्नी तिचा हात धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही इतकी वर्षं त्याची सेवा केलीत. आज मागा ना काही." मी सोवळ्यानेच धावत आलो होतो. डोळे मिटून नामस्मरण करू लागलो. पण जन्मभर मुखी असलेले नाम मध्येच तुटत होते. प्रथमच मनात आले की, ऐकणारा कोणी नसलाच तर?

तेवढ्यात कुंपणापाशी कोणी थांबल्याचे जाणवले. अर्नाळ्याकडचा एक कोळी, डोक्यावर टोपली घेतलेला. "भटजीबाबा, लांबच उभा राहतो. टोपलीत सुकट हाय," तो म्हणाला. "काय झालं?"

गोविंद वैतागला होता. "तू सुकट वीक बाबा. हे मोटारीचं काम आहे."

"मासं काय पायी चालत येतात व्हय? आमच्या लाँचला बी इंजिनच हाय." टोपली खाली ठेवून तो आत आला. गोविंदचे सारे ऐकून त्याने विचारले, "मिस्त्री गेला तवा चालू होती ना? मंग तो गेल्यावर कोनी हात लावला?"

"कोणीच नाही," गोविंद म्हणाला. मीही मान हलवली. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. पूजा म्हणजे हात लावणे, हे माझ्या मनातही आले नाही.

ज्या काळ्या टोपीतून ठिणगीच्या तारा निघतात, ती त्याने काढली, आत बोट फिरवले आणि ते जिभेला लावले. "गोड लागतंय," तो म्हणाला. "ह्ये नारळाचं पानी. आत पानी गेल्यावर ठिनगी पडंल कशी?"

इतर पुरोहित नारळ चाकापुढे फोडतात. मी मात्र, यंत्राचा प्राण इंजिनात असतो असे सांगून, झाकण उघडायला लावून इंजिनावरच अभिषेक केला होता, आणि त्या युक्तीचे सर्वांनी कौतुकही केले होते. गोविंदने माझ्याकडे पाहिले. क्षणभर वाटले, गप्प राहावे. मग यमुनेचा आवाज आला. "मीच ओतले," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"देवाचंच केलंत ना, बाबा. कोरडं फडकं द्या," एवढेच तो म्हणाला. भोवती होती ती फडकी तेलकट वा घामाने भिजलेली. मी खांद्यावरचे सोवळ्याचे उपरणे काढून त्याच्या हाती दिले. ज्याला घरच्यांचाही स्पर्श मी होऊ देत नसे, त्या उपरण्याने त्याने ती टोपी आणि एकेक तार पुसली. मग टोपी उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवली. तो एवढासा वेळ मला सरता सरेना. ती परत बसवून तो गोविंदला म्हणाला, "मारा आता." दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडू लागले.

दिवस मावळण्यापूर्वी आम्ही इस्पितळात पोहोचलो. नातू झाला, यमुनाही वाचली. त्या माणसाचे नाव विचारायचे राहून गेले. पुढे अर्नाळ्यास जाऊन पुष्कळ शोध केला, पण तो भेटला नाही. तो कोण होता, याचा निवाडा मी करीत नाही. इतके मात्र कळले की, मी देवाला हाक मारीत होतो तेव्हा त्याने धाडलेले साहाय्य दाराशी आले होते, आणि 'चूक माझी' असे म्हणून खांद्यावरचे सोवळे सोडून देणे एवढेच माझ्याकडे उरले होते. शरण जाणे याहून निराळे काय असते, मला ठाऊक नाही.

ते उपरणे पुष्कळदा धुतले. काळा डाग निघाला नाही. पत्नी म्हणाली, "दुसरं घ्या." मी घेतले नाही. आजही तेच खांद्यावर घेऊन पूजेला बसतो.