चिरेखाणीतून आलेलं उत्तर

विलायतेहून कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आमच्या बालगृहात येणार, थंडीचे दिवस इथे राहून मुलांना शिकवणार, त्यांच्याशी खेळणार, असं मोठ्या मिसबाईंनी सांगितलं तेव्हा मला काही आनंद झाला नाही. मनात आलं, ह्या येणार, मुलांना लळा लावणार आणि शिमग्याच्या सुमारास आगबोटीत बसून चालत्या होणार. मागे रडणारी मुलं सांभाळायची आम्ही. ही गोष्ट तीस सालच्या आगेमागची. मी तेव्हा रत्नागिरीला मिशनच्या बालगृहात लहान मुलांचा वर्ग घेत असे. माझे वडील नगरकडचे, ख्रिस्ती झालेले, त्यामुळे प्रार्थना जन्मापासून कानावर. पण त्या वर्षी ती नुसती तोंडावर उरली होती. आदल्या पावसाळ्यात बालगृहातली आमची दोन मुलं तापाने गेली. त्यांच्यासाठी आम्ही काय कमी प्रार्थना केली होती? तेव्हापासून डोळे मिटले की वाटायचं, आपण रिकाम्या घराची कडी वाजवतो आहोत. पण शिक्षिकेने असं कुणाजवळ बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प होते.

एलन आणि डोरा आल्या त्या उत्साहाने फसफसत. आठ दिवसांत उन्हाने एलनच्या नाकाचं साल निघालं आणि डोराच्या घशात बांगड्याचा काटा अडकला, तरी दोघींची कुरकुर म्हणून नाही. मुलांच्या डोक्यातल्या उवा काढायला बसल्या की उठायचं नाव घेत नसत. मराठीची मात्र बोंब होती. म्हणून त्यांनी गाण्याची युक्ती काढली. चाल त्यांच्याकडची, शब्द मी बसवून दिले. मोठ्यांनी विचारायचं, "आकाशात तारे किती?" मुलांनी म्हणायचं, "देव जाणे, देव जाणे." मग वाळूचे कण किती, समुद्रात मासे किती, असं वाटेल तेवढं लांबवायचं. दोघींचे उच्चार ऐकून मुलं हसून लोळायची, पण उत्तर कधी चुकवायची नाहीत. विहिरीवर, जेवणाच्या पंगतीत, कुठेही एकीने प्रश्न टाकला की चहूकडून उत्तर यायचं. माझा राग कधी विरला ते मलाही कळलं नाही.

दर शनिवारी आम्ही मिरजोळ्याच्या बाजूला सड्यावर जात असू. जांभ्या दगडाचं ते उघडं माळरान, मधूनमधून खुरटी झाडं. तिथे एका आंब्याखाली वाडीतली मुलं जमायची. आमची मुलं गाणी म्हणायची, एलन-डोरा चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या आणि मी ती मराठीत करायची. त्या शनिवारी गोष्ट रंगली आणि दिवस कलला. वाडीतली मुलं घरी पळाली. आमची मुलं रांगेत उभी केली तर सामू नाही. सामू तीन वर्षांचा, एलनच्या झग्याला लोंबकळून हट्टाने आलेला. आणि द्वारकीही नाही. द्वारकी आठ-नऊ वर्षांची. आईबाप नव्हते, देवरुखच्या वरच्या अंगाला एका वाडीत आजीने तिला वाढवलं होतं. आजी वारल्यावर कुणीतरी आदल्या वर्षी तिला आमच्याकडे आणून सोडलं. पोर कामाला वाघ, बोलायला मुकी. एक मुलगी म्हणाली, सामू शेळ्यांच्या मागे गेला आणि द्वारकी त्याच्या मागे. शेळ्या गेल्या होत्या त्या बाजूला जुनी चिरेखाण होती. घरांसाठी चिरे काढून काढून खोल गेलेली, कडा भिंतीसारख्या सरळ, आणि तळाला पावसाचं पाणी साठलेलं.

डोराला मुलांपाशी ठेवून मी आणि एलन धावलो. तिन्हीसांज झाली होती. "द्वारके, सामू" अशा हाका मारत आम्ही झुडपं धुंडाळली. ओ आली नाही. खाणीच्या कडेशी आलो तर खाली काळोख, कड कुठे संपते ते दिसेना. एलन पुढे वाकायची आणि मी तिला दंडाला धरून मागे ओढायची. पोरं जवळपास असती तर एवढ्या हाकांना उत्तर आलं नसतं का? ओ येत नाही याचा अर्थ एकच, असं मनाने घेतलं. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द सुचेना. पावसाळ्यात गेलेली ती दोन मुलं डोळ्यांपुढे आली, आणि आता आणखी दोन, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. हाका मारून मारून आमचे आवाज बसले. एलन तिथेच दगडावर बसली. तिच्या भाषेत एवढंच म्हणाली, "आता माझ्याजवळ काही उरलं नाही."

आणि मग ती गाऊ लागली. का, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, मराठीची नेहमीची मोडतोड करत तिने म्हटलं, "आकाशात तारे किती?"

खालून, आमच्या अगदी पायांखालून, बारीक आवाज आला, "देव जाणे, देव जाणे." त्याच्या मागोमाग सामूचं बोबडं "जाने, जाने."

मी कड चाचपत आडवी झाले. खाली दोनेक पुरुष खोल चिऱ्यांचा एक अरुंद टप्पा होता, त्यावर दोघं भिंतीला चिकटून बसलेली अंधुक दिसली. त्याखाली पाणी. सामू घसरून त्या टप्प्यावर पडला होता आणि त्याला धरायला द्वारकी मागोमाग उतरली होती. पण आता त्यांना वर कसं घ्यायचं, ते आम्हाला कळेना. एवढ्यात झुडपांतून डोक्यावर वळकटी घेतलेला एक माणूस आला. मुसलमान खलाशी होता, बोटीवरून उतरून गावी चाललेला. त्याने कडेवरून खाली वाकून पाहिलं. वळकटीचा दोर सोडला, एक टोक झाडाला बांधलं, चादर कमरेला गुंडाळली आणि दोर धरून, चिऱ्यांच्या खाचांत पायाची बोटं रोवत खाली उतरला. आधी सामूला चादरीत पाठीशी बांधून आणलं, मग पुन्हा उतरून द्वारकीला. तिचे गुडघे सोलवटले होते. एलनने सामूला असं कवटाळलं की तो चिडून रडायला लागला.

मी द्वारकीला जवळ घेतलं. "अगं, एवढ्या हाका मारल्या. ओ का दिली नाहीस?"

ती म्हणाली, "आजीन सांगितलान हुता, तिनसांजेला रानात कोनी नावान हाक मारली तर ओ देवची नाय. हाकामारी भुतीन वडून नेते. सामू ओ देयत हुता, म्हनून त्याचा तोंड दाबून धरला."

"मग गाण्याला कशी दिलीस?"

"गाना तर आपला हाय," ती म्हणाली, इतकं साधं मला कसं कळत नाही अशा सुरात.

खलाशी दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, "पोर खरा बोलते, बाय. मी पन मगाशी हाका आयकल्या नि पाय उचलला. गाना आयकला तवा माघारी वललो." मी त्याचं नाव विचारलं, घर कुठे ते विचारलं. "दोन सालान येतोय, बाय. घरची वाट बगत असतील," एवढं बोलून त्याने वळकटी डोक्यावर घेतली आणि सलाम करून तो गेला. पुढे मी किती जणांकडे चौकशी केली, पण तो पुन्हा भेटला नाही. दोन वर्षांनी घरी जाणारा माणूस आमच्यासाठी वाट वाकडी करून आला, याचा विचार आला की आजही मला या किनाऱ्यावरच्या माणसांचा अभिमान वाटतो.

हा चमत्कार होता का, ते मी ठरवत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की जोवर आम्ही जिवाच्या आकांताने हाका मारत होतो तोवर पोर भिऊन गप्प होती आणि माणूस दूर चालला होता. आमचं बळ संपलं आणि तिथून पुढे वाट निघाली. ते गाणं एलनच्या ओठांवर कुणी ठेवलं, हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, आणि देण्याची गरजही वाटत नाही. त्या रात्री मी गुडघे टेकले तेव्हा काही मागितलं नाही. शिमग्याला एलन आणि डोरा बोटीने गेल्या. मुलं रडली, आणि मी त्यांच्याहून जास्त रडले.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मिसबाई मला म्हणाल्या, हाकामारी वगैरे सगळं खोटं आहे, हे मुलांना नीट समजावून द्या. बरोबरच होतं त्यांचं. मी रविवारच्या प्रार्थनेच्या वर्गात गेले, समोर द्वारकी गुडघ्यांना फडकी बांधून बसली होती. समजावणं मी पुढच्या आठवड्यावर टाकलं. मी म्हटलं, "काल आपल्यातली एक मुलगी धाकट्यासाठी खाणीत उतरली. स्वतः भीतीने कापत होती, पण तिने त्याला सोडलं नाही. त्या शूर मुलीने उभं राहावं." सगळा वर्ग द्वारकीकडे बघू लागला. आणि द्वारकी मागे वळून बघू लागली, कोण उभं राहतंय ते. मी तिच्यापाशी गेले आणि तिला हाताला धरून उभं केलं. देवाचे आभार मानायला मला त्या वेळी शब्द लागले नाहीत.